भाऊबीज झाल्यावर जा: वृद्धाश्रमातली कंदिलाची दुपार कशी आखावी

आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या सोसायटीत दसरा झाला की कुणीतरी म्हणतंच, ‘यंदा दिवाळीत वृद्धाश्रमात जाऊ या का?’ सगळे हो म्हणतात, वर्गणी निघते, लाडवांची ऑर्डर जाते, आणि वसुबारसेच्या आधीच्या रविवारी बारा जण दीड तासात जाऊन परत येतात. मी स्वतः हे तीन वर्षं केलं. पहिल्या वर्षी आम्ही अकरा किलो बेसनाचे लाडू घेऊन गेलो. तिथल्या कार्यालयात आमच्या आधी आलेल्यांची खोकी छताकडे निघाली होती आणि निम्म्याहून जास्त आजी-आजोबांना साखर वर्ज्य होती. व्यवस्थापकबाईंनी हसून खोकी घेतली. ते हसू ओळखायला मला आणखी दोन वर्षं लागली.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. वस्तू कमी केल्या, वेळ वाढवला आणि सगळ्यांनी मिळून करायचं एकच काम ठरवलं: आकाशकंदील. खाली पायऱ्या दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. हा क्रम चुकतो म्हणूनच बहुतेक कार्यक्रम फसतात. लोक आधी सामान घेतात, मग माणसं जमवतात आणि संस्थेला फोन अगदी शेवटी करतात.

## १. दिवस आधी ठरवा, आणि तो दिवाळीचा नको

दिवाळीच्या आधीचे दोन रविवार संस्थांमध्ये पाहुण्यांची रांग असते. सकाळी एक कंपनी, दुपारी एक भिशी मंडळ, संध्याकाळी एक शाळा. प्रत्येक जण तेच गाणं म्हणतो, तोच चिवडा वाटतो. आजी-आजोबांना दिवसातून तीनदा टाळ्या वाजवाव्या लागतात, दुपारची झोप जाते आणि मावश्यांना खुर्च्या लावण्या-काढण्याखेरीज दुसरं काम उरत नाही.

खरा रिकामा काळ नंतर येतो. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला होते आणि तुळशीची लग्नं द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत चालतात. या मधल्या आठ-दहा दिवसांत संस्थांकडे कुणी फिरकत नाही. बऱ्याच शाळांना अजून सुट्टी असते, त्यामुळे मुलं मोकळी असतात. आणि कंदील या दिवसांत शिळा होत नाही, कारण बऱ्याच घरांत तो त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत टांगलेला असतोच.

दुपारी साडेतीन ते साडेपाच ही वेळ धरा. जेवण आणि वामकुक्षी आटोपलेली असते, संध्याकाळची औषधं आणि जेवण अजून लांब असतं.

सावध: दिवाळीतच जायचा हट्ट असेल, तर निदान नरकचतुर्दशीची सकाळ टाळा. राम मारुती रोड आणि तलावपाळीला दिवाळी पहाटेसाठी अख्खं ठाणं लोटलेलं असतं. नौपाड्यातून कंदिलाच्या बांबूच्या कामट्यांचा भारा घेऊन रिक्षा बाहेर काढून दाखवा.

## २. संस्थेशी बोला, म्हणजे विचारा

किमान तीन आठवडे आधी फोन करा आणि मग एकदा दोघांनी प्रत्यक्ष जाऊन या. ‘आम्ही काय आणू?’ असं विचारू नका. त्यावर सभ्य माणूस ‘काहीही चालेल’ असंच म्हणतो आणि तुम्ही पुन्हा लाडवांपाशी येता. नेमकं विचारा:

- टेबलाशी बसून तासभर काम करू शकतील असे किती जण आहेत? (एकूण किती, हा आकडा इथे निरुपयोगी.)
- खोलीबाहेर येऊ न शकणारे किती?
- कात्री, सुई चालेल का? स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या जवळ काय ठेवायचं नाही?
- मधुमेह, रक्तदाब आणि कवळी, या तिन्हींच्या हिशेबात खायला काय चालेल?
- कंदील कुठे टांगायचा, तिथे वीज आहे का, आणि शिडीवर कोण चढणार?
- त्या आठवड्यात आणखी कुणी येणार आहे का?

शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात. लाजू नका.

जागा बघताना टेबलांची उंची आणि खोलीतला उजेड बघा. आम्ही एकदा अंधाऱ्या सभागृहात पांढरा दोरा घेऊन बसलो होतो. गाठ कुणालाच दिसेना, आम्हालाही नाही.

बालगृहात जायचं असेल तर नियम अधिक कडक असतात. लेखी अर्ज, ओळखपत्रांच्या प्रती आणि येणाऱ्यांची यादी मागितली जाते, आणि ऐन वेळी ‘अजून दोघं आलेत’ चालत नाही. यात अपमान वाटून घ्यायचं कारण नाही. मुलांच्या सुरक्षेसाठीच ते असतं.

येऊरच्या आदिवासी पाड्यांवर जुने कपडे वाटायला निघणाऱ्यांना एकच सांगते: तिथल्या माणसांचे स्वतःचे सण, स्वतःचे देव आहेत, वाघोबा आहे. न बोलावता गाडी भरून जाणं म्हणजे पाहुणचार नव्हे. ओळख असेल, बोलावणं असेल, तरच जा.

तपासा: पुढे जाण्याआधी हातात तीन गोष्टी हव्यात: नक्की तारीख, काम करणाऱ्यांचा आकडा आणि संस्थेतल्या एका माणसाचा थेट नंबर.

## ३. एकच काम निवडा

गाणी, रांगोळी, कंदील, फराळ, खेळ असं सगळं दोन तासांत कोंबलं की काहीच पुरं होत नाही. कामाला तीन अटी लावा: बसून करता आलं पाहिजे, वेगवेगळ्या ताकदीच्या हातांना वाटून देता आलं पाहिजे आणि शेवटी डोळ्यांना दिसेल असं काही उरलं पाहिजे. रांगोळी पहिल्या अटीत नापास होते, कारण वाकायला लागतं. किल्ला मुलांसाठी उत्तम, पण सत्तरीच्या गुडघ्यांना नाही. कंदील तिन्हींत पास.

फराळ न्यायचाच तर कमी तिखट-मिठाचा पातळ पोह्यांचा चिवडा न्या आणि त्यातले शेंगदाणे व खोबऱ्याचे काप वेगळे ठेवा. चकली कवळीला सोसत नाही. डब्यावर केल्याची तारीख आणि काय काय घातलंय ते लिहा. पैसे द्यायचे असतील तर चेकने किंवा ऑनलाइन द्या आणि पावती घ्या. दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीवर प्राप्तिकरात वजावट मिळत नाही, वस्तू दिल्या तर त्यावरही नाही.

## ४. साहित्य, आणि घरी एकदा पूर्ण तालीम

हिशेब चार टेबलांचा आहे. प्रत्येक टेबलाशी पाच आजी-आजोबा आणि आपले दोघं, प्रत्येक टेबलाचा एक कंदील.

आपला पारंपरिक कंदील म्हणजे कोपऱ्यावर उभे केलेले चार चौकोन बाजूला बाजू लावून केलेलं कडं, वर एक चौकोन, खाली एक चौकोन आणि मधल्या आठ जागांत आठ त्रिकोण. सगळ्या कामट्या एकाच लांबीच्या. एका कंदिलाला बरोबर २४ लागतात: चार चौकोनांच्या १६, वर जोडायला ४, खाली जोडायला ४. चार कंदिलांना ९६ झाल्या. मोडतील म्हणून ११० घ्या.

कामट्या २५ सेंटीमीटरच्या करा. कंदील पस्तीस सेंटीमीटरच्या आसपास उंच होतो. शिवाय ३८ सेंटीमीटरच्या चार जास्तीच्या कामट्या हव्यात, त्या कशाला ते पुढे येईल. बाजारपेठेत टोपल्या-सुपं विकणाऱ्या बुरडाला लांबी सांगितली तर तो कापून देतो. दिवाळीच्या तोंडावर त्याला वेळ नसतो, पण आपण भाऊबिजेनंतर जातोय, हा एक आणखी फायदा. कामट्या घरी आणल्या की प्रत्येकीवरून सँडपेपर फिरवा. म्हाताऱ्या बोटांची कातडी पातळ असते, बांबूची कूस चटकन शिरते आणि दिसतही नाही.

बाकीचं जांभळी नाक्याला एका फेरीत मिळतं: दोन रंगांचा पतंगी कागद, झिरमिळ्यांसाठी सोनेरी कागद, जाड सुती दोरा, बोथट टोकाच्या आठ कात्र्या, रुंद ब्रश, होल्डर-वायर आणि ५ ते ७ वॉटचे एलईडी दिवे.

खळ घरीच करा. एका कपभर गार पाण्यात चार चमचे मैदा कालवा, गुठळ्या मोडा आणि मग मंद आचेवर ठेवून ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवा. जायच्या दिवशी सकाळीच करा, दुसऱ्या दिवशी आंबते. झुरळं लागू नयेत म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, इथे अजिबात नको.

मग घरी एक कंदील सुरुवातीपासून शेवटापर्यंत करून बघा. सगळ्यांनी, नुसतं व्हिडिओ पाहून नव्हे. शिकवायला जाणाऱ्याला स्वतःला गाठ मारता येत नाही, ही मी पाहिलेली सगळ्यांत नेहमीची चूक आहे.

तपासा: कागदाचे साचे पुठ्ठ्याचे करून घ्या. चौकोनाचा साचा २९ सेंटीमीटरचा, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन सेंटीमीटर दुमडायला मिळतं. त्रिकोणाची बाजू २५ आणि वर दुमडीची तेवढीच पट्टी. निम्मे कागद घरीच कापून न्या, निम्मे तिथे कापायला ठेवा. सगळेच कापून नेले तर तिथे करायला काही उरत नाही.

## ५. माणसं

चार टेबलांना आठ जण पुरेत. नववा माणूस फक्त खोल्यांमध्ये जाण्यासाठी ठेवा: जे बाहेर येऊ शकत नाहीत त्यांच्याशेजारी बसून झिरमिळ्या कापायला. या कामाला सर्वांत धीराचा माणूस द्या. आमच्याकडे ते काम दहावीतला एक मुलगा करतो, कारण त्याला गप्प बसता येतं.

मुलांना आधी सांगून ठेवा: ऐकू कमी येत असेल तर ओरडायचं नाही, समोर बसून सावकाश बोलायचं. ‘तुमची मुलं कुठे असतात?’ हा प्रश्न विचारायचा नाही. ‘तुमच्याकडे कंदील कोण करायचं?’ हा विचारायचा. दोन्ही प्रश्न घरापाशीच जातात, पण दुसऱ्याचं उत्तर कुठवर द्यायचं ते समोरचा ठरवतो.

सर्दी-खोकला असलेल्याने घरी राहायचं. मग तो वर्गणी काढणारा असला तरी.

## ६. प्रत्यक्ष दुपार

पहिली पंधरा मिनिटं. भाषण नको, स्वागत नको, ओळखपरेड नको. टेबलावर तयार कंदील ठेवा (तालमीतला), कामट्या ठेवा आणि बसा. कात्र्या मोजून ठेवा.

चौकोन बांधणं. चार कामट्या, टोकं एकमेकांवर सेंटीमीटरभर चढवून. दोरा तिरका तीनदा, मग उलट तिरका तीनदा, मग गाठ. एक जण धरतो, दुसरा बांधतो. थरथरणाऱ्या हातांना धरायचं काम द्या. कामटी टेबलावर दाबून धरली की हात थरथरत नाही. प्रत्येक टेबलाचे चार चौकोन व्हायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. घाई करू नका, गप्पा इथेच सुरू होतात.

तपासा: दोऱ्याने चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले पाहिजेत. चौकोन तिरपा राहिला तर पुढे काहीच जुळत नाही आणि तेव्हा सोडणं फार जिवावर येतं.

कागद, सांगाड्याच्या आधी. घरी आपण आधी पूर्ण सांगाडा करतो आणि मग कागद लावतो. इथे उलटं करा. चौकोन टेबलावर आडवा असतानाच त्यावर कागद ताणून कडा दुमडून चिकटवा. सांगाडा उभा झाल्यावर त्याच्याभोवती हात वर करून कागद लावणं खांदे दुखणाऱ्यांना जमत नाही, मग ते बाजूला बसून बघत राहतात आणि कंदील आपणच करतो. कागदाचे चारही कोपरे तिरके कापून टाका, कारण तिथे पुढे बांधायचं आहे. आणि खळ कागदाला लावू नका, कामटीला लावा. पतंगी कागद ओला झाला की बोटाबरोबर फाटतो.

आमच्या दुसऱ्या फेरीत एक आजोबा बराच वेळ नुसते बघत होते. मी कागदाची कड दुमडत होते, ती वाकडी जात होती. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, पट्टीवर ठेवला आणि अंगठ्याचं नख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच ओढलं. घडी सुरीने आखल्यासारखी. छापखान्यात बाइंडिंगला बत्तीस वर्षं होते. त्यानंतर चारही टेबलांच्या सगळ्या घड्या त्यांनीच मारल्या आणि आमच्या मुलांना नख कसं धरायचं ते दाखवलं. मी तेव्हापासून घड्या तशाच मारते.

चहा. चौकोन वाळायला वीस मिनिटं लागतात. हाच चहाचा वेळ. चहा आधी दिलात तर हात चिकट, आणि वाळताना सगळे रिकामे.

कडं आणि जोडणी. चार चौकोन कोपऱ्यावर उभे करा, बाजूचा कोपरा बाजूच्या कोपऱ्याला बांधा. चार गाठी झाल्या की कडं मिटतं. आता वरचे चार कोपरे चार कामट्यांनी एकमेकांना जोडा, तसेच खालचे. सांगाडा डुगडुगेल. वरच्या चौकोनात कोपऱ्यातून कोपऱ्यात ३८ सेंटीमीटरची कामटी आडवी बांधा. वरचा भाग जागच्या जागी बसतो आणि दिवा टांगायलाही तीच लागते. उरलेली हालचाल त्रिकोणांचे कागद लागले की थांबते. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवायचा.

हे उभं काम आहे, ते आपल्या दोघांनी करायचं. आजी-आजोबांनी सूचना द्यायच्या, आणि त्या मिळतातच.

झिरमिळ्या शेवटी. खालच्या चौकोनाभोवती. खोल्यांमधून आलेल्या झिरमिळ्या प्रत्येक कंदिलाला थोड्या-थोड्या लावा, एकालाच नको.

सावध: दिवा एलईडीच. जुन्या ६० वॉटच्या बल्बने कागद आधी तपकिरी होतो, मग पेटतो. वायर घरी लावून तपासलेली हवी. टांगायला संस्थेचा माणूस चढेल. तुमचा उत्साही भाचा नाही आणि ‘मी वर्षानुवर्षं लावलेत’ म्हणणारे आजोबा तर मुळीच नाहीत. परतीचा पाऊस दिवाळीनंतरही गाठतो, म्हणून कंदील पत्र्याखाली किंवा ओसरीतच टांगा.

निघण्याआधी कात्र्या पुन्हा मोजा. आठ म्हणजे आठ.

## ७. त्यांच्याकडूनही घ्या

आपण शिकवायला आलोय, या आविर्भावात ही दुपार सगळ्यांत लवकर बिघडते. प्रत्येक टेबलाशी एक वही ठेवा आणि जे ऐकाल ते लिहा: भाजणीचं प्रमाण, ठिपक्यांची रांगोळी, पाडव्याला कुठल्या गावी काय करायचे. चकलीचं मोहन कधी घालायचं यावर दोन आजींचं भांडण लागलं तर मधे पडू नका, दोघींचं लिहून घ्या.

कधी कधी त्यांना हवं असतं ते आपल्या यादीतच नसतं. एका आजींना मी लाडवाची बशी दिली. त्या म्हणाल्या, ‘ठेव तिकडे. आणि हे सुईत दोरा ओवून दे. तीन दिवस झाले, कुणाला सांगू?’ उशीखालून त्यांनी सात सुया काढल्या. सगळ्या ओवल्या, लांब लांब दोरे ठेवून. माझं त्या दिवसाचं सगळ्यांत उपयोगी काम तेच असावं. तेव्हापासून सामानात सुया, दोरे, नेलकटर आणि चष्म्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर असतो. नखं मात्र मावशींना विचारूनच कापा. मधुमेह्यांच्या पायाची नखं आपण कापायची नाहीत.

## ८. फोटो

कंदिलाचे हवे तेवढे काढा. माणसांचे, विचारून, आणि ज्यांना नीट कळत नाही त्यांचे ‘हो’ हे हो धरू नका. फराळ हातात देतानाचा फोटो काढायचाच नाही.

बालगृहात तर मुलांचे फोटो कुठेही टाकणं हा सरळ गुन्हा ठरू शकतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चेहऱ्यावर स्मायली चिकटवून गणवेश आणि संस्थेची पाटी दिसत असेल, तर ओळख लपली असं होत नाही. सोपा उपाय म्हणजे फोन एका पिशवीत, पिशवी कार्यालयात.

## ९. निघताना आणि पुन्हा येताना

कागदाचे कपटे, दोरे, सांडलेली खळ सगळं आपण झाडायचं, पुसायचं. फरशीवरची खळ निसरडी असते आणि तिथे कुणी पडलं तर कमरेचं हाड जातं. हे काम मावश्यांवर टाकून गेलात, तर पुढच्या वर्षी फोन उचलला जाईल पण तारीख मिळणार नाही.

‘परत येऊ हं’ असं म्हणू नका. तारीख सांगा, आणि ती फळ्यावर किंवा कॅलेंडरवर त्यांच्यासमोर लिहा. पहिली तारीख त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची असू द्या, कारण कंदील उतरवायचे आहेत. खळीचा वास झुरळांना पंधरा दिवसांत कळतो. त्या दिवशी दोघंच गेले तरी पुरतं, तासभर. दुसरी तारीख संक्रांतीची.

उतरवताना फाटलेले कागद सोलून टाका, पण कामट्यांच्या गाठी सोडू नका. सांगाडे पोत्यात घालून माळ्यावर ठेवायला सांगा, पुढच्या वर्षी फक्त कागद बदलायचा. होल्डर आणि वायर गुंडाळून, वर ‘कंदील’ लिहून, संस्थेच्याच कपाटात ठेवा. घरी नेलेली वायर पुढच्या दिवाळीत कुणालाच सापडत नाही.